फवारणीत गावात कोणालाच विषबाधा होऊ नये, तर १ मेच्या ग्रामसभेत काय काय ठरवावं?

वावरधुरा (ग्रा. पं. सदस्य, घाटंजी तालुका)

कोरडवाहू गाव आहे. पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. फवारा मारणारी माणसं बहुतेक भूमिहीन, पंपामागे (फवारलेल्या प्रत्येक भरल्या टाकीमागे) मजुरी घेणारी, ऑगस्ट ते ऑक्टोबर रोज कोणाच्या ना कोणाच्या वावरात. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त जीव गेले, शेकडो माणसं दवाखान्यात पडली. त्यानंतर फवारणीची सुरक्षा किट वाटली गेली, भिंतींवर सूचना रंगवल्या. किट आज घरोघरी खुंटीला आहे, कारण ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून दोन तास काम होत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत पहिले फवारे होऊन जातात, म्हणून १ मेलाच ठराव घ्यायचा विचार आहे. "काळजी घ्यावी" असा ठराव नको. कोणी, कधी, काय करायचं आणि पैसे कुठून, हे लिहायचं आहे. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी नेमकं सांगावं.

बोंडअळी_निरीक्षण

किटपासून सुरुवात करू नका. आधी गावात एकूण किती पंप मारले जातात तो आकडा खाली आणा. जो फवारा मारलाच नाही त्याची बाधा होत नाही.

पेरणीनंतरचे पहिले ६० दिवस घ्या. बीटी बियाणं कंपनीकडूनच इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाची प्रक्रिया होऊन येतं, त्यामुळे साधारण तीन-चार आठवडे मावा-तुडतुडे (पानाचा रस शोषणारे किडे) दबून राहतात. तरी विसाव्या दिवशी पहिला फवारा होतो, कारण शेजारच्या वावरात झाला. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाची सवय यातूनच लागली. ते मारलं की पऱ्हाटी काळीभोर हिरवी होते, वाढते, माणूस खूश होतो. पण तीच वाढ पुढे दाटी आणि आणखी कीड आणते, आणि डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत फवारा मारायची वेळ येते. मोनोचं ३६ टक्के द्रावण केंद्राने २०२३ च्या आदेशाने बंद केलं आहे. जुना साठा कोणाच्या घरी असेल तर तो शोधणं हे मे महिन्याचं काम समजा.

फवारायचं की नाही हे मोजून ठरवा. एकरी २० झाडं, प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून पाहायचं. सरासरी पानामागे तुडतुडे २ किंवा मावा १० किंवा फुलकिडे १० झाले तरच औषधाचा विचार, त्याआधी नाही. गुलाबी बोंडअळीसाठी ४५ व्या दिवसापासून एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढेल तसा सापळा वर घ्यायचा, हे बहुतेक जण विसरतात आणि मग "सापळ्यात काहीच येत नाही" म्हणतात. सापळ्यातली वासाची आमिषगोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलायची. सापळ्यामागे रोज ८ पतंग, असं सलग ३ रात्री आलं, किंवा तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये जिवंत अळी निघाली, तर फवारा. बोंड वरून चांगलं दिसतं, म्हणून फोडूनच पाहा. डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसली की तोडून नष्ट करायची.

ग्रामसभेने दोन पोरं किंवा बचत गटातल्या दोन बाया नेमाव्यात. सोमवारी आणि गुरुवारी गावाच्या चारही दिशांची मिळून ८-१० वावरं पाहायची आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहायचे. "या आठवड्यात तुडतुडे पानामागे १, फवारा नको" एवढी ओळ फळ्यावर असली, तरी शेजाऱ्याचं पाहून मारायचं प्रमाण कमी होतं.

पहिले एक-दोन फवारे ५ टक्के निंबोळी अर्काचे करा. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, २०० ग्रॅम साबण वेगळ्या १ लिटर पाण्यात. सकाळी अर्क फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. नीट गाळलं नाही तर नोझल दर दहा मिनिटांनी अडकतं आणि माणूस कंटाळून पुन्हा बाटलीकडे वळतो. अर्क त्याच दिवशी वापरा.

आणि ७५ ते ९० दिवसांच्या दरम्यान शेंडा खुडा. पऱ्हाटी छातीच्या खाली राहिली तर औषध तोंडावर येत नाही. माझ्या मते सगळ्या किटपेक्षा याचा फायदा मोठा आहे, आणि त्याला लागते फक्त मजुरी.

पंप_दुरुस्ती_आर्णी

पंपाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. बाधा झालेल्या माणसाचा सदरा पाहा. पाठीचा खालचा भाग आणि कंबर ओली असते. पंप गळका असतो. झाकणाचं रबर कडक झालेलं, नळीचा क्लॅम्प ढिला, कॉकमधला वायसर झिजलेला. वाकलं की झाकणातून धार पाठीवर, तिथून कमरेत, तिथून जांघेत. जांघेची कातडी हातापेक्षा अकरा पटींहून जास्त औषध आत घेते, कपाळ चौपट. नाकाला रुमाल आणि पाठ ओली, यात काहीच राखलं जात नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावातले सगळे पंप पंचायतीच्या पटांगणात आणा. प्रत्येकात साधं पाणी गच्च भरा, झाकण लावा, पंप आडवा करून एक मिनिट धरा. मग पाठीवर घेऊन, चालू करून, दहा वेळा खाली वाकायचं. पाठीला आधी कोरडा खाकी पुठ्ठा बांधा, एक थेंब गळला तरी डाग दिसतो. गळणाऱ्या दहापैकी बहुतेक पंपांना लागतं ते झाकणाचं रबर, दोन वायसर आणि एक क्लॅम्प. फार मोठा खर्च नाही. टाकीलाच चीर असेल तर पंप बाद. सोल्यूशन किंवा डांबर लावून चालवू नका, उन्हात सुटतं.

दुसरं नोझल. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं, तणनाशकाला पट्ट्याचं. तणनाशकाचा पंपही वेगळाच ठेवा, नाहीतर पऱ्हाटी वाकडी होईल ते वेगळं. अडकलेलं नोझल तोंडानं फुंकणं म्हणजे औषध ओठाला लावणं. प्रत्येक पंपाला एक प्लास्टिकची पिशवी बांधून द्या: २ जादा नोझल आणि एक जुना दातांचा ब्रश. ही पिशवी ठरावात लिहा. छोटी गोष्ट वाटते, पण वावरात दुसरं नोझल हाताशी नसतं म्हणूनच फुंकतात.

तिसरं, "पॉवर पंपाला औषध तिप्पट". हे गणित मिस्ट ब्लोअरचं (हवेच्या झोतानं फवारणाऱ्या पंपाचं) आहे. त्यात एकरी पाणीच साध्या पंपाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं लागतं, म्हणून पंपामागे औषध तिप्पट, एकरी तेवढंच. लोकांनी ते बॅटरीच्या पंपाला लावलं, ज्यात पाणी साध्या पंपाइतकंच जातं. म्हणजे सरळ तिप्पट विष, पैसाही तिप्पट.

खरं माप असं काढा. १० मीटर बाय १० मीटरची चौकट आखा, साधं पाणी भरून नेहमीच्या चालीनं मारा, किती लिटर गेलं ते मोजा आणि ४० नं गुणा. ५ लिटर गेलं तर एकरी २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे १३ पंप. आता उदाहरणार्थ फ्लोनिकॅमिड ५० टक्के हे कीटकनाशक एकरी ६० ग्रॅम, तर पंपामागे साडेचार ग्रॅमच्या आसपास. झाकणानं मोजू नका. झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं.

पेट्रोलवर चालणाऱ्या चायना पंपाचा दाब जास्त, थेंब धुरासारखा बारीक. तो पानावर कमी बसतो आणि हवेत जास्त तरंगतो. दाट, उंच पऱ्हाटीत हा पंप नको, एवढं स्पष्ट सांगतो.

वैद्यकीय_अधिकारी_ग्रामीण

लक्षणं गावात प्रत्येकाला पाठ हवीत, कारण पहिला तास गावातच जातो. ऑर्गनोफॉस्फरस गटातली औषधं (प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस वगैरे) नसांचा निरोप थांबवणारं एन्झाइम बंद पाडतात. मग सगळं वाहायला लागतं: घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंधूक दिसतं, दंडाचे किंवा पापणीचे स्नायू फडफडतात. शेवटी छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. डोकं जड होऊन मळमळलं की लोक "ऊन लागलं" म्हणून लिंबूपाणी पाजून झाडाखाली निजवतात. फवारणाऱ्या माणसाला मळमळ आणि घाम एकत्र आला तर ते ऊन समजू नका.

वावरातच करायचं: काम थांबवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या, सगळे कपडे काढा, साबणानं केसांपासून पायापर्यंत धुवा. धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, ते नसतील तर हातात पन्नी. उलटी करवू नका. दूध, तूप, चिंचेचं पाणी काही पाजू नका. बेशुद्धीत ते फुप्फुसात जातं. डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ लावा. सोबत बाटली किंवा तिचं लेबल आणा, दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळ्यांची. हे महत्त्वाचं आहे, कारण ॲट्रोपिन हे ऑर्गनोफॉस्फरसवरचं इंजेक्शन प्रत्येक औषधाचा उतारा नाही. डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल यांना नेमका उतारा नाही, तिथे लक्षणांप्रमाणेच उपचार होतात. ऑर्गनोफॉस्फरस समजून भरमसाट ॲट्रोपिन दिलं तर त्याचाच त्रास होतो. शंका असेल तेव्हा डॉक्टरांना दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं.

ग्रामसभेने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जुलैतच पत्र द्यावं आणि ॲट्रोपिनचा साठा लेखी विचारावा. "आहे" या उत्तरावर थांबू नका, किती ते विचारा. गंभीर रुग्णाला पहिला डोस ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या ५ ॲम्प्युल (इंजेक्शनच्या कुप्या). छाती मोकळी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी दुप्पट. तीन डोसांतच ३५ ॲम्प्युल होतात. केंद्रात १०-२० असतील तर एक माणूसही जिल्ह्यापर्यंत जिवंत पोचणं कठीण. ऑक्सिजन सिलिंडर आणि सक्शन मशीन चालू आहे का, हेही त्याच पत्रात. (हे डोस साठ्याचा हिशोब कळावा म्हणून लिहिले आहेत, गावात कोणी इंजेक्शन देऊ नये.)

बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागू नका. २४ ते ९६ तासांत मानेचे स्नायू ढिले पडून श्वास बंद पडायचा धोका असतो. उशीवरून डोकं उचलता येतं का, हे नातेवाइकांनी पाहत राहावं आणि जमत नसेल तर लगेच नर्सला सांगावं.

आणखी एक गोष्ट, जी उपचाराइतकीच कुटुंबाच्या कामी येते. केसपेपरवर काय लिहिलं जातं ते वाचा. गर्दीत "विष प्राशन" असं लिहिलं गेलं की पुढे सगळे कागद आत्महत्येच्या बाजूनं जातात. "फवारणी करताना, त्वचा व श्वासावाटे, अमुक औषध, अमुक वेळ" असं पहिल्याच नोंदीत यायला हवं. आणणाऱ्या माणसानं ते तसं स्पष्ट सांगावं, नंतर दुरुस्ती करणं फार जड जातं.

रोजदार_संघटक

डॉक्टर साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधा बसते, मृत्यूला २ लाख रुपये, अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. आत्महत्या बसत नाही. पण ही योजना सातबारा असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर, जो खरं तर सगळ्यात जास्त पंप मारतो, तो यात नाही. म्हणून ठरावात दोन ओळी हव्यात. एक, भूमिहीन फवारणी मजुरांना योजनेत घ्यावं अशी शासनाकडे मागणी, प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना. एकट्या गावाच्या ठरावाला वजन कमी, तालुक्यातल्या २०-२५ गावांनी तोच मजकूर पाठवला तर दखल घ्यावी लागते. दोन, तोपर्यंत गावाचा स्वतःचा निधी. पऱ्हाटी पेरणाऱ्यानं एकरी ठरावीक रक्कम जमा करायची, हिशोब बचत गटाकडे, खर्च फक्त गाडीभाडं, दवाखाना आणि बुडालेली मजुरी यावर.

आता मुख्य गोष्ट. वर शेंडा खुडण्याचा मुद्दा चांगला आहे, पण सगळ्यात मोठं कारण पंपामागे मजुरी हेच आहे. एकरी १३ पंप धरले तर ३ एकर म्हणजे जवळपास ४० पंप, ६०० लिटर पाठीवर. पंपामागे पैसा असला की माणूस दुपारच्या उन्हातही थांबत नाही, वारा फिरला तरी थांबत नाही, हात न धुता भाकर खातो, कारण थांबला की मजुरी बुडते. हातमोजे काढ-घाल करण्यातही पंप बुडतो. किट खुंटीला आहे ते उन्हामुळे, आणि तितकंच या हिशोबामुळे.

मजुरी दिवसाची ठरवा, काम सकाळ-संध्याकाळचंच. सकाळी दव सुकल्यावर सुरू, १० वाजता बंद, पुन्हा ४ नंतर. दिवसाला २० पंपांच्या वर नाही, सलग दोन दिवसांच्या वर नाही, तिसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याकडे डवरणी-निंदणाचं काम. शेतकऱ्याला वाटेल खर्च वाढला. पण पंप मोजून घाईनं मारलेल्या फवाऱ्यात शेंड्यावरच औषध पडतं, खालची पानं कोरडी राहतात आणि आठ दिवसांत पुन्हा फवारा. तो खर्च कोणी धरत नाही.

किटबद्दल: पूर्ण प्लास्टिकचा झगा नको. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, पायजमा, पाठीला आणि कमरेला जाड पन्नीचा पट्टा, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, टोपी, गमबूट. पायजमा बुटाच्या बाहेर, आत खोचला तर धार बुटात जमते. हे ऑक्टोबरातही सहन होतं. विकत वावरवाल्यानं घ्यायचं आणि वापर झाल्यावर त्याच्याकडेच धुवायचं. मजूर ते कपडे घरी नेतो, बायको लेकरांच्या कपड्यांत धुते, आणि विष घरात येतं. १८ वर्षांखालचं कोणी पंपाला हात लावणार नाही, हेही लिहा.

बायांना विसरू नका. पाणी आणून औषध कालवायचं काम पुष्कळदा त्याच करतात, आणि बाटलीतलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जहाल असतं. काठीनं ढवळायचं, हातानं कधीच नाही. फवारलेल्या वावरात निदान दुसरा दिवस उलटेपर्यंत निंदण-वेचणी नको. धुऱ्यावर फवाऱ्याच्या तारखेचा लाल फडका बांधायची पद्धत पाडा.

वावरधुरा

खूप कामाचं मिळालं. दोन अडचणी आहेत. कृषी केंद्र (औषधाचं दुकान) उधारीवर चालतं. बिल मागितलं, दुकानदारानं सांगितलेला औषधांचा डोस नाकारला तर उधारी बंद होईल अशी लोकांना भीती आहे. आणि रिकाम्या बाटल्या, त्या नाल्यात आणि स्वयंपाकघरातही सापडतात.

बोंडअळी_निरीक्षण

उधारी आणि बिल यांचा संबंध नाही. उधारीच्या मालाचंही बिल होतं, त्यावर "बाकी" लिहिलं की झालं. कीटकनाशकाचं बिल औषधाचं नाव आणि बॅच क्रमांकासह देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तेच बिल भेसळीच्या तक्रारीला लागतं. एकट्यादुकट्यानं मागू नका. सरपंच आणि कृषी सहायकांनी जूनमध्ये विक्रेत्यांना ग्रामपंचायतीत बोलवावं आणि सांगावं की या गावाला पंपात एकच औषध हवं. तीन बाटल्या, वर टॉनिक, वर विद्राव्य खत, असा डोस कोणत्याही लेबलवर लिहिलेला नसतो. मिसळल्यानं विषारीपणा किती वाढतो हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि दवाखान्यात डॉक्टरांचंही काम अवघड होतं. बाटली घेतानाच लेबलवरचा खालचा रंगीत त्रिकोण पाहायचा: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल गावात येणारच नाही असा ठराव करता येईल. कायद्याचा हुकूम नसला तरी गावानं पाळला की विक्रेता ठेवत नाही.

बाटल्यांसाठी: पंप भरतानाच तीन वेळा पाण्यानं खंगाळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची. भोक पडलेली बाटली कोणी तेला-रॉकेलला नेत नाही. पंचायतीजवळ कुलपाचं एक पिंप ठेवा. जाळू मात्र नका, तो धूरही विषारीच. भरलेलं पिंप कुठे द्यायचं हे कृषी सहायकांमार्फत विक्रेत्याशी आधीच ठरवून घ्या.

निंबोळीचं मात्र १ मेलाच ठरवा. जून-जुलैत झाडाखाली पडते, पावसात भिजली की बुरशी येते आणि अर्काला जोर राहत नाही. पिकलेली वेचायची, गर धुऊन काढायचा, सावलीत वाळवायची, गोणपाटात भरायची, प्लास्टिकच्या पोत्यात नाही. एकरी एका फवाऱ्याला २०० लिटर म्हणजे १० किलो भरडा लागतो. १०० एकर पऱ्हाटीला दोन फवारे धरले तर २ टन. एवढी वेचायची तर बचत गटांना किलोमागे भाव आधी जाहीर करावा लागेल, आणि वरच्या गावनिधीच्या खर्चात निंबोळीही धरली तर तो पैसा त्यातून आगाऊ देता येतो.